मागं इंजिन, पुढं नुसती दांडी : आपल्या पायानं चालणाऱ्या जुन्या, विचित्र शेतीयंत्रांच्या आठवणी

बांधकोऱ्या
वाटणीचे कागद शोधताना परवा आईच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. नागमोडी कडांचा, कृष्णधवल. फोटोत आमचे थोरले चुलते, आबा, एका यंत्रावर बसलेत. डोक्याला पटका, तोंडावर फोटोपुरता आणलेला कडकपणा. यंत्राला चार चाकं, म्हणजे ट्रॅक्टरच म्हणायचा, पण पुढं बॉनेट नाही. आबांच्या पायापुढं काहीच नाही. नुसती एक जाड लोखंडी नळी, बैलगाडीच्या दांडीसारखी, पुढच्या दोन चाकांपर्यंत गेलेली. इंजिन सगळं आबांच्या पाठीमागं. आणि नळीखाली मधोमध कोळप्याच्या फासा, म्हणजे तण काढायची पाती, लटकावलेल्या.

साल १९७०-७१ असेल. गाव वाळवा तालुक्यातलं, मी पाच-सहा वर्षांचा. गावानं त्याला 'नाकतोडा' नाव पाडलं होतं. पुढं काडीसारखं, मागं सगळं ढुंगण. आबा मला त्या दांडीवर घोड्यावर बसवल्यागत बसवून पांदीनं आणायचे. आई थोरल्या दिरापुढं काही बोलायची नाही, पण घरात आल्यावर मला चिमटा बसायचा.

कंपनीचं नाव घरात कुणालाच आठवत नाही. आबा जाऊन तीस वर्षं झाली. चुलतभाऊ म्हणतो, "बाहेरदेशाचं होतं." एवढीच माहिती.

कुणी ओळखेल का? आणि ओळखत नसाल तर तुमच्याकडची अशी विचित्र यंत्रं सांगा. अट एकच, आपल्या पायानं चालणारं पाहिजे. बैलांनी किंवा ट्रॅक्टरनं ओढायचं नको. साधा ट्रॅक्टरही नको, तो सगळ्यांनी बघितलाय.

खुरपं
फोटो टाका की राव.

बांधकोऱ्या
मूळ प्रत बहिणीनं नेली, मोठी करून आणते म्हणाली. आली की टाकतो.

वऱ्हाडी हडंबा
माझ्या नावावरूनच सुरू करतो. हडंबा चालते का धाग्यात? आमच्या गावात पहिला हडंबा आला तेव्हा त्याच्या आवाजानं दोन गोऱ्हे दोर तोडून पळाले होते राजेहो.

बांधकोऱ्या
हडंबा ट्रॅक्टरवर चालतो, जागेवर उभा राहून मळणी करतो. नियमात बसत नाही.

वऱ्हाडी हडंबा
बरं भौ. थांबा, दुसरं काढतो.

नांदेड ते नेब्रास्का
मागे इंजिन म्हटल्याबरोबर मला अ‍ॅलिस-चाल्मर्सचा 'जी' आठवला. इकडे जुन्या यंत्रांच्या मेळाव्यात हमखास दिसतो. १९४८ ते १९५५ या काळात अलाबामातल्या गॅड्सडेनला बनायचा, साधारण तीस हजार निघाले. मागे चार सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन, ताकद जेमतेम दहा अश्वशक्ती. पुढे काही नाही, त्यामुळे भाजीच्या ओळी थेट पायाखाली दिसतात. गंमत म्हणजे सेंद्रिय भाजीवाले तरुण शेतकरी आता हे जुने 'जी' शोधून घेतात, इंजिन काढून टाकतात आणि तिथे बॅटरी व मोटर बसवतात. सत्तरेक वर्षांचा सांगाडा, पोटात वीज. तुमचा नाकतोडा हाच असणार.

बांधकोऱ्या
फोटो मिळाल्यावर बघतो. पण पेट्रोल नव्हतं एवढं नक्की. डिझेलचा पत्र्याचा डबा माझ्याच हातात असायचा.

नेकारकाठ
काही प्रश्न विचारते, त्यावरून कळेल. पुढे नळ्या एक की दोन? 'जी'ला दोन वाकवलेल्या नळ्या असतात. आणि काका त्यात पाणी घालायचे का?

बांधकोऱ्या
नळी एकच, शंभर टक्के. मी तिच्यावर बसलोय.

पाणी... आता तुम्ही विचारल्यावर डोक्यात येतंय, पाणी घालताना आबा कधीच आठवत नाहीत. विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनाला पाणी लागायचं, नाकतोड्याला नाही. आणि त्याचा आवाज नुसता धडधड नव्हता, आत कुणीतरी शिट्टी वाजवतंय असा होता.

नेकारकाठ
मग ती शिट्टी पंख्याची. हवेने थंड होणारं इंजिन.

मी श्टुटगार्टजवळ राहते, आणि नवऱ्याला रविवारी जुने ट्रॅक्टर बघत हिंडायचं व्यसन असल्यामुळे नको तेवढं कळायला लागलंय. एक नळी, मागे हवेने थंड होणारं डिझेल, मधोमध अवजार, ही सगळी लक्षणं पूर्व जर्मनीच्या आरएस-०९ ची. एल्बे नदीकाठच्या श्योनेबेक गावच्या कारखान्यात तो बनायचा. 'आरएस' म्हणजे राडश्लेपर, चाकांचा ट्रॅक्टर. त्याआधीच्या आरएस-०८ ला 'माऊलवुर्फ' म्हणत, म्हणजे चिचुंद्रीसारखा जमीन उकरणारा प्राणी! तुमच्या गावाने नाकतोडा म्हटलं, त्यांनी चिचुंद्री. दोघांनाही त्यात ट्रॅक्टर दिसला नाही.

या जातीला जर्मनमध्ये 'गेरेटेट्रेगर' म्हणतात, अवजार वाहून नेणारा. पश्चिम जर्मनीत फेंट कंपनीचा १९५३ पासूनचा गेरेटेट्रेगर प्रसिद्ध आहे. पुढे माल टाकायची चौकट, मध्ये कोळपं, मागे आणखी काही. एकट्या माणसाने सगळं करायचं, ही त्यामागची कल्पना. लढाईनंतर शेतावर गडी उरले नव्हते, त्यातून ती आली.

फक्त तो वाळव्यात कसा पोचला, हे मला सांगता येणार नाही.

निवृत्त फिटर
मला सांगता येईल. ताईंनी बरोबर ओळखलं.

मी १९७१ मध्ये बुदनीला ट्रॅक्टर दुरुस्तीचं प्रशिक्षण घेतलं. बुदनी म्हणजे नर्मदेच्या पलीकडच्या काठावर, होशंगाबादच्या (आताच्या नर्मदापुरमच्या) समोर. इटारसी-भोपाळ लाइनीवर छोटं स्टेशन आहे. केंद्र सरकारची ट्रॅक्टर संस्था तिथे १९५५ पासून. देशात येणारा परदेशी ट्रॅक्टर तिथे तपासणीला यायचा, त्यामुळे आम्हा पोरांना एका शेडमध्ये अर्धं जग बघायला मिळालं.

त्या काळी डॉलर नव्हते. रशिया, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया, पूर्व जर्मनी या देशांशी रुपयात व्यवहार चालायचा. आपण चहा, ताग, चामडं द्यायचं आणि त्यांनी यंत्रं. म्हणून आपल्या खेड्यात त्या दिवसांत फोर्डपेक्षा झेटर, उर्सुस आणि बेलारूस जास्त दिसायचे. रशियाचा डीटी-१४ तर फार. खारकोव्हचा, एकच सिलिंडर, चौदा अश्वशक्ती. लांबून आवाज आला की हा डीटी, हे डोळे मिटून सांगायचो. आपल्या राज्याचं कृषी उद्योग महामंडळ १९६५ ला निघालं, इतर राज्यांतही तशी निघाली, आणि आयात ट्रॅक्टर बरेचसे या महामंडळांमार्फत शेतकऱ्याच्या दारात जायचे.

आता तुमच्या चुलत्यांच्या यंत्राबद्दल. ते नांगरटीचं यंत्रच नव्हे, हे आधी लक्षात घ्या. काळ्या रानात हरळी उपटायची तर वजन आणि जोर पाहिजे, तो अठरा-वीस घोड्यांच्या आणि अंगानं हलक्या यंत्रात कुठून येणार? ते कोळपणीचं यंत्र. बैलाच्या कोळप्यामागं माणूस चालतो तेव्हा त्याची नजर कुठं असते? फासेवर आणि रोपावर. पीक कापलं जायच्या आधी त्याचा हात वळतो. साध्या ट्रॅक्टरला अवजार मागं लावलं की ड्रायव्हरला पुढं बघू की मागं बघू होतं. मान मोडते आणि दोन ओळी साफ होतात. या जर्मन माणसांनी ड्रायव्हरला पुन्हा कोळप्यामागं आणून बसवला. मला ते यंत्र त्यासाठी फार आवडायचं. लोक हसायचे त्याला, पण ते शेतकऱ्याच्या डोळ्यांचा विचार करून बनवलं होतं.

बांधकोऱ्या
फिटरकाका, हात जोडतो. आमच्याकडं भुईमूग असायचा, आणि आबा नाकतोडा घेऊन दुसऱ्यांच्या भुईमुगात कोळपायला जायचे. नांगरटीला बैलंच होती. मला लहानपणी वाटायचं की यंत्र असून आबा बैलं का ठेवतात. त्याचं उत्तर आत्ता मिळालं.

खुरपं
एक नंबर धागा. वाचतोय. फोटो?

सड्यावरचा
कोकणातनं हजेरी. राजापूर तालुका. आमच्याकडे चार चाकांचं काही चालतच नाही. वाफे दोन-दोन गुंठ्यांचे, एक वर तर एक खाली, आणि जायला वाट म्हणजे बांधावरचं पाऊल. म्हणून आमची आठवण पॉवर टिलरची. तुमच्या अटीत बसतो. आपल्या पायानं चालतो, आणि आपल्यालाही चालवतो. एक एकर चिखलणी करायची तर माणूस त्याच्यामागं मैलोन्‌मैल चालतो.

वडिलांनी १९८४ मध्ये कर्ज काढून घेतला. वाडीत पहिलाच. लोक म्हणाले, "बापूनी जोताक हँडल लावल्यानी." पुढे आडवं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन, पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स, मागे फिरणारे कोयते आणि दोन लांब शिंगं. चिखलात रबरी चाकं काढून लोखंडी जाळीची चाकं लावायची. इंजिन थंड ठेवायला वर पाण्याची उघडी टाकी, पाणी उकळत राहायचं. त्यात आम्ही फडक्यात बांधून फणसाच्या आठळ्या सोडायचो. वाफ्याच्या चार फेऱ्या झाल्या की शिजलेल्या. डिझेलचा वास यायचा थोडा, पण पावसात भिजत खाल्लेल्या त्या आठळ्यांची चव पुन्हा आली नाही.

हँडल मारायची पद्धत वडिलांनी एक थोबाडीत देऊन शिकवली. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर विळख्यातला अंगठा मोडतो. आधी दाब सोडायची कळ दाबून चाक जोरात फिरवायचं, वेग आला की कळ सोडायची. ठक ठक ठक, आणि काळा धूर.

आता खरी गोष्ट. टिलरला स्टिअरिंग नसतं. दोन्ही मुठींखाली एकेक कळ. डावी दाबली की डाव्या चाकाची ताकद सुटते, उजवं चाक ढकलतं आणि मशीन डावीकडे वळतं. हे सपाटीवर. उतारावर उलटं! उतारावर इंजिन मशीनला मागं धरून असतं, आणि डावी कळ दाबली की तेच डावं चाक मोकळं सुटून पुढे धावतं. मशीन वळतं उजवीकडे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. वय सतरा. ट्रॉलीत बारा चिरे, घाटीचा उतार, डावीकडे बांध, उजवीकडे व्हाळ, म्हणजे ओढा. मी व्हाळ चुकवायला डावी कळ दाबली. मशीन उजवीकडे. घाबरून आणखी दाबली, आणखी उजवीकडे.

चिरे व्हाळात, ट्रॉली व्हाळात, टिलर शिंगं वर करून व्हाळात, मी करवंदीच्या जाळीत. वडील आले, इंजिन बंद केलं, मला हाताला धरून वर काढलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "आता शिकलास."

नेकारकाठ
आठळ्या! मी हे नवऱ्याला भाषांतर करून सांगितलं. तो म्हणतो, इथल्या जुन्या ट्रॅक्टरवाल्यांनी हे करून बघायला हवं.

कोपरगावी ऊस
टिलरच्या इतिहासात थोडी भर. हे मूळ जपानी घराणं, भातखाचरांसाठी जन्मलेलं. बंगळुरूच्या व्हीएसटीने १९६७ पासून मित्सुबिशीच्या सहकार्याने, आणि केरळच्या सरकारी कामकोने १९७३ पासून कुबोटाच्या सहकार्याने ते इथे बनवले. कोकण, केरळ, बंगाल, आसाम, जिथे भात तिथे टिलर. आमच्या घाटावर द्राक्षवाल्यांनी काही घेतले, पण उसात त्याचा निभाव लागत नाही.

माझी स्वतःची आठवण नाही, आजोबांची आहे. ते तरुणपणी एका साखर कारखान्याच्या शेतीवर राखणीला होते. ते सांगायचे की शेताच्या दोन टोकांना दोन 'आगगाड्या' उभ्या राहायच्या आणि मधून तारेनं नांगर ओढायच्या. आम्ही नातवंडं फिदीफिदी हसायचो. शेतात आगगाडी! पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर वाफेच्या नांगराचं चित्र पाहिलं आणि घरी येऊन त्यांच्या फोटोला नमस्कार केला. इंग्लंडच्या जॉन फाउलरची पद्धत. दोन वाफेची इंजिनं शेताच्या समोरासमोरच्या कडांना. प्रत्येकाच्या पोटाखाली पोलादी दोराचा आडवा रहाट. एकानं दोर गुंडाळला की नांगर त्याच्याकडे येतो, मग दुसरं ओढतं. नांगर उलटवायला नको म्हणून तो झोपाळ्यासारखा. एका बाजूचे फाळ जमिनीत, दुसऱ्या बाजूचे आभाळात. फाउलरला या वाफेच्या नांगराबद्दल तिकडच्या रॉयल कृषी संस्थेचं पाचशे पौंडांचं बक्षीस १८५८ मध्ये मिळालं होतं.

दोर का? तर इंजिन इतकं जड की स्वतः शेतात उतरलं तर जमीन दाबून टाकेल आणि रुतून बसेल ते वेगळंच.

बांधकोऱ्या
पण मग ते नियमात बसतं का? नांगर तर दोरानं ओढलेला.

कोपरगावी ऊस
इंजिन एका शेतातून दुसऱ्या शेतात आपल्या चाकांवर जायचं ना. बसवा की नियमात, आजोबांसाठी.

बांधकोऱ्या
बसवलं.

वऱ्हाडी हडंबा
आता माझं दुसरं. कंबाईन. आमच्याकडं हार्वेस्टरच म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दहावीत. पंजाबातून सरदारजी आले, रस्त्यानं, रातच्याला. पुढं हार्वेस्टर आणि मागं गाडीवर त्याचा पाता आडवा बांधलेला, कारण चौदा फुटी पाता लावून रस्त्यानं येता येत नाही. गावाच्या वेशीत विजेची तार आडवी आली. एक पोरगा छतावर चढला, बांबूनं तार उचलली, खालून हार्वेस्टर सरकलं. अख्खं गाव जागं होऊन पाहात होतं, लेकरं, म्हातारे, कुत्रे सगळेच.

सोयाबीन काढायला जिथं वीस मजूर आठवडाभर, तिथं एका दुपारी रान मोकळं. माय मात्र धुऱ्यावर बसून रडत होती. का? कुटार! हार्वेस्टर दाणे पोटात ठेवते आणि कुटार रानभर फेकून देते. बैलांनी वर्षभर काय खावं? बाबा म्हणत होते, "मजुरी वाचली." माय म्हणत होती, "बैल उपाशी मेले." दोघंही खरंच बोलत होते. तीन वर्षांनी बैल विकले, तेव्हा तो वाद मिटला.

निवृत्त फिटर
कंबाईनच्या बाबतीत एक नोंद. आपल्या देशात बनलेलं पहिलं आपल्या पायानं चालणारं कंबाईन म्हणजे स्वराज ८१००, साल १९८०, पंजाबात. पुढे नाभा, भादसोंकडच्या छोट्या कारखान्यांनी तिकडे गावोगाव कंबाईन बनवली, आणि गव्हाचा हंगाम संपला की ती दक्षिणेकडे निघायची. सरदारजींचं वर्षाचं गणितच त्यावर.

नांदेड ते नेब्रास्का
हे वाचून अंगावर काटा आला, कारण इकडे हीच गोष्ट ऐंशी वर्षांपूर्वीची सांगतात. नावं तेवढी वेगळी.

कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत टॉम कॅरल नावाचा ऑस्ट्रेलियन अभियंता होता. त्याने आधी क्रमांक २० आणि मग हलकं, स्वस्त असं क्रमांक २१ कंबाईन बनवलं. तोवर इकडे बहुतेक कंबाईन ट्रॅक्टरमागे ओढली जायची. दुसऱ्या महायुद्धात पोलाद रेशनवर आलं. मॅसी-हॅरिसने अमेरिकी सरकारपुढे हिशेब मांडला. आम्हाला आणखी ५०० यंत्रांपुरतं पोलाद द्या, ती सलग फिरती ठेवून दहा लाख एकरांवर धान्य काढून दाखवतो. ट्रॅक्टर आणि त्याचं इंधन वाचेल, शिवाय ओढायच्या कंबाईनमध्ये पहिल्या फेरीला ट्रॅक्टरच उभं पीक तुडवतो, तेही वाचेल. १९४४ साली ती यंत्रं टेक्साससारख्या दक्षिणेकडच्या राज्यांतून निघाली आणि पिकत्या गव्हामागून उत्तरेला कॅनडाच्या सरहद्दीकडे चालत गेली. 'हार्वेस्ट ब्रिगेड' म्हणायचे. दहा लाख एकरांचा आकडा त्यांनी ओलांडला. गव्हाबरोबर चालणारे हे ठेकेदार अजूनही इथे येतात. आमच्या गावच्या हॉटेलात जूनमध्ये त्यांची गर्दी असते. हडंबाभाऊंचे सरदारजी आणि हे एकाच जातीचे.

(आधीची चूक कबूल. 'जी'चा आग्रह मागे घेतो.)

वऱ्हाडी हडंबा
नांदेडभाऊ, तिथं कापूस वेचायचं मशीन कसं असते ते सांगा न. आमच्याकडं दरवर्षी कोणी तरी म्हणते, यंदा येणार, यंदा येणार. पऱ्हाटी वाट पाहून राहिली.

नांदेड ते नेब्रास्का
आमच्या राज्यात कापूस नाही. पण वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात 'ओल्ड रेड' बघितलं आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरचं, १९४३ चं, १९५९ पर्यंत कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोकडे राबलेलं. या धाग्यात ते शोभेल असं आहे, कारण ते म्हणजे फारमॉल ट्रॅक्टर उलटा चालवलेला! मागची मोठी चाकं पुढे, वेचणीचं धूड त्यावर, आणि ड्रायव्हर वर उलट्या दिशेला तोंड करून. आत फिरत्या ओलसर चात्या. कापूस त्यांना गुंडाळला जातो, मग तो सोडवून हवेच्या झोताने वरच्या पिंजऱ्यात.

तुमच्याकडे ते का जमत नाही, याचं कारण चात्यांत नाही, झाडात आहे. यंत्राला सगळी बोंडं एकदम फुटलेली पाहिजेत, झाड बुटकं पाहिजे, वेचणीआधी औषध मारून पानं गाळलेली पाहिजेत. आपली पऱ्हाटी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत हप्त्याहप्त्यानं फुटते, तीन-तीन वेचे होतात. बाई हातानं फक्त फुटलेलं बोंड घेते आणि बाकीचं ठेवते. यंत्र एकदाच येतं.

बडोद्याचा पाहुणा
मराठीच, पण तीन पिढ्या बडोद्यात. बँकेच्या नोकरीत काही वर्षं अमरेली जिल्ह्यात काढली. तिथलं एक यंत्र सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होऊ देणार नाही. बुलेट सांती.

सांती म्हणजे तिकडे नांगराचं जोत. मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगाणींनी १९९४ च्या सुमारास बनवलं. दुष्काळ होता, बैल पोसणं परवडेना. त्यांनी एन्फिल्ड बुलेट घेतली, मागचं चाक काढलं, तिथे दोन चाकांचा जोडसांधा आणि त्यामागे अवजाराची दांडी. पुढून बघितलं तर माणूस ऐटीत बुलेटवरून चाललाय, मागे मातीत कोळपं! पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने मदत केली आणि त्यांना अमेरिकेचं पेटंटही मिळालं. अवजार काढलं, जोडसांधा काढला, मूळचं चाक लावलं की पुन्हा फटफटी.

एकदा कर्जाची चौकशी करायला एका शेतावर गेलो. शेतकरी शेतात बुलेटवर. मला म्हणाला, "साहेब, पाच मिनिटं." मागचं सामान सोडलं, चाक चढवलं, आणि मला त्याच बुलेटवर बसवून घरी चहाला नेलं. पाच मिनिटांची वीस झाली, पण फॉर्ममध्ये तारणाच्या रकान्यात वाहन लिहू की शेती अवजार, हा प्रश्न मला आठवडाभर पुरला. आता तिकडे त्याच वंशातलं तीनचाकी 'सनेडो' जागोजाग बनतं आणि गावोगाव दिसतं.

सड्यावरचा
तारणाच्या रकान्यात शेवटी काय लिहिलंत?

बडोद्याचा पाहुणा
वरिष्ठांकडे पाठवलं. ते वाहनही नाही आणि अवजारही नाही असं लिहून परत आलं.

नेकारकाठ
माझ्याकडून दोन, मग थांबते.

एक, लान्झ बुलडॉग. मानहाइमचा, १९२१ पासूनचा. मेळाव्यात तो सुरू करणं हाच कार्यक्रम असतो. पुढे नाकासारखा लोखंडी गोळा बाहेर आलेला, त्याखाली स्टोव्हसारखी फुंकणी पेटवून दहा-पंधरा मिनिटं तापवायचा. तो लाल झाला की स्टिअरिंग चक्क दांड्यासकट उपसून काढायचं, बाजूच्या मोठ्या चाकात खुपसायचं आणि हिसडा द्यायचा. एकच सिलिंडर, प्रचंड मोठं, प्रत्येक ठोक्याला अख्खं यंत्र जागेवर उड्या मारतं. बाजूला टेबलावर बिअरचा ग्लास ठेवून तो कसा चालत जातो, हे दाखवतात. हिसडा उलटा बसला तर इंजिन उलट्या दिशेनेही आनंदाने चालतं. सुरुवातीच्या बुलडॉगला मागे जायचा गिअरच नव्हता. इंजिन मंद करून उलटं फिरवायचं, की गाडी मागे.

दुसरं, उनिमॉग. आज तो लष्करी किंवा बर्फ काढायचा ट्रक म्हणून माहीत आहे, पण जन्म शेतातला. १९४८ मध्ये विकायला आला, १९५१ पासून गागेनाऊला बनू लागला. दोन चाकांमधलं अंतर १२७ सेंटिमीटर, का? तर बटाट्याच्या दोन ओळींच्या मापाने. आणि सुरुवातीच्या गाड्यांवर बोधचिन्ह होतं बैलाचं डोकं, शिंगं इंग्रजी 'यू'सारखी. बैल घालवायला आलेल्या यंत्राच्या कपाळावर बैल! सासऱ्यांना मी पोळ्याचे फोटो दाखवले, तेव्हा ते म्हणाले, आमचा उनिमॉगही असाच सजवायला हवा होता.

निवृत्त फिटर
बांधकोऱ्याभाऊ, एक राहिलं विचारायचं. त्या यंत्राचं पुढं काय झालं? आणि ती नळी? ती चांगली जाड असायची. भंगारवाल्यानं सहज सोडली नसती, पण शेतकऱ्यानंही नसती सोडली.

बांधकोऱ्या
काका, प्रश्न नेमका विचारलात. मी या रविवारी गावी जाऊन आलो.

चुलतभावाला विचारलं. तो म्हणाला, इंजिन आबांनी ७८-७९ ला विहिरीवरच्या पाणउपश्याला जोडायचा खटाटोप केला, जमलं नाही, मग कुणीतरी नेलं. मोठी चाकं एका छकड्याला लागली, त्याला गावभर 'विमान' म्हणायचे. पुढची चाकं कुठं गेली माहीत नाही. "आणि नळी?" तर तो माझ्या तोंडाकडं बघायला लागला. म्हणाला, "तू लहानपणापासून बघतोयस की."

गोठ्याची मधली मेढ. म्हैस बांधतात ती. पन्नास वर्षं मी ती लोखंडी मेढ बघतोय, तिला टेकून बसलोय, आणि एकदाही डोक्यात आलं नाही की आमच्या गोठ्यात बाकीच्या सगळ्या मेढी बाभळीच्या असताना हीच एक लोखंडाची कशी. हातानं मोजली, जमिनीवर भरली चार हात. खाली किती पुरलीय कुणास ठाऊक. वरपासून खालपर्यंत भोकं आहेत, फासा लटकवायची असणार. एका भोकात भावाच्या सुनेनं कंदील टांगायचा खिळा अडकवलाय. आणि म्हशीच्या मानेच्या उंचीवर ती घासून घासून आरशागत झालीय. तेवढ्याच जागी लोखंड दिसतं, बाकी सगळं शेणामातीचं.

भावाला म्हटलं, काढू या का? तो म्हणाला, "छप्पर कुठं ठेवू?"

निवृत्त फिटर
राहू द्या. तिथंच बरी आहे.

खुरपं
फोटो!!

बांधकोऱ्या
आबांचा आणि मेढीचा, दोन्ही खाली टाकतोय. दुसऱ्यात म्हैस सारखी मध्ये येत होती, सांभाळून घ्या.